सुमनबाईंची पुडी

मी कंपाउंडर होतो, डॉक्टर नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या कॉलनीत अर्धे लोक मला डॉक्टरच म्हणायचे आणि मीही कधी त्यांना अडवलं नाही. द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात मी बावीस वर्षं औषधं कालवली. लाल मिश्रण, पांढरं मिश्रण, बाटलीवर चिकटवायची ती डोस दाखवणारी, दाते पाडलेली कागदाची पट्टी, आणि पुड्या. गोळी खलात घालायची, बारीक कुटायची, चौकोनी कागदांवर सारखी वाटायची आणि घडी घालायची. माझी पुडी खिशात चुरगळली तरी उघडत नसे. माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतोच, मला घडीचा होता.

सुमनबाई आमच्या कॉलनीतल्या, माझ्या घरापासून तिसरं दार. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायच्या. मी चौथीत त्यांच्याच हाताखाली होतो. पुढे मॅट्रिकला दोनदा आपटलो, तेव्हा माझ्यासाठी डॉक्टरांकडे शब्द टाकला तोही त्यांनीच. चाळिशीला टेकलो, दोन पोरांचा बाप झालो, तरी त्यांच्यासाठी मी लहानूच. नावच लहानू, तर करणार काय.

बाईंचे यजमान भिकनराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. मूलबाळ नव्हतं. पंचाहत्तर सालच्या थंडीत एका सकाळी बाईंनी चहा टाकला, हाक मारली, दुसरी हाक मारली, आणि मग हात लावून पाहिला. भिकनराव रात्रीच कधीतरी गेले होते. कॉलनीत सगळे म्हणाले, काय मरण आलं, ना दुखणं ना खुपणं, झोपेत सुटला माणूस. मीसुद्धा म्हणालो. शेजारी झोपलेल्या बाईचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही.

तो विचार बाईंनी एकटीनं केला आणि मग दुसरा केलाच नाही.

"मी गाढ झोपले होते रे लहानू," त्या मला दवाखान्यात म्हणाल्या. महिना झाला होता. "त्यांनी हाक मारली असेल. मारलीच असेल. आणि मी घोरत असेन."

दिवस मावळायला लागला की त्यांची छाती धडधडायला लागायची. हातापायाला घाम. अंथरुणावर पडल्या की जरा डोळा लागायचा आणि लगेच दचकून उठून बसायच्या, कोणीतरी हाक मारली म्हणून. कॉलनीतल्या बायका आळीपाळीनं सोबतीला झोपायला जात होत्या, पण दुसऱ्याच्या घोरण्यानं कोणाला झोप लागते? शाळेत फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा. बाईंचं अक्षर मोत्यासारखं होतं, ते विस्कटलं.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. रात्री जेवल्यावर एक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई दवाखान्यात आल्या त्या फक्त सांगायला. "काल मी झोपले," म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून रडल्या. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दोन वर्षांत एकीच्या दोन झाल्या आणि दोनाच्या अडीच. सकाळी बाईंची जीभ जड यायला लागली. एकदा प्रार्थनेच्या वेळी त्या उभ्या उभ्या डुलल्या आणि पोरं हसली. हे कळलं तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावून घेतलं.

"लहानू, बाईंना गोळीची सवय लागली. एकदम तोडली तर हाल होतील. आजपासून गोळी बंद, पुडी चालू. नवीन औषध आलंय म्हणून सांगायचं. दर पंधरा दिवसांनी गोळी थोडी कमी करायची आणि मिल्क शुगर तेवढी वाढवायची. चिमूटभर कुनैन टाक, कडू लागलं पाहिजे."

"आणि बाईंना?"

"बाईंना कशाला सांगायचं? सांगितलं तर झोप उडेल."

मिल्क शुगर म्हणजे दुधाची साखर, औषध वाढवायला दवाखान्यात वापरतात. चवीला जेमतेम गोड, बाकी गुण शून्य. मी पंधरा-पंधरा दिवसांनी गोळी घटवत गेलो. असं काम घाईनं होत नाही. मध्ये दोनदा बाईंना त्रास झाला, तेव्हा थांबलो, आहे तेवढंच महिनाभर ठेवलं. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीपर्यंत पुडीत गोळीचा कण उरला नाही. नुसती साखर आणि कडवटपणा.

आणि बाई झोपत होत्या. दहा वाजता पुडी, साडेदहाला दिवा बंद, साडेपाचला नळावर हजर. जिभेचा जडपणा गेला, फळ्यावरचं अक्षर परत आलं. पोरांना पाढे म्हणायला लावायचा तो जुना खणखणीत आवाज शाळेच्या भिंतीबाहेर ऐकू यायला लागला. दर शनिवारी संध्याकाळी त्या सात पुड्या न्यायला यायच्या आणि मी त्या त्यांच्यासमोर बांधून द्यायचो. डॉक्टर आतून बघून मिशीत हसायचे.

रविवारी विहारात मी सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायचो. मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलणार नाही. पुढच्याच रांगेत बाई बसलेल्या असायच्या, पांढऱ्या लुगड्यात, ताठ. पहिल्या पहिल्यांदा त्या ओळीला माझी जीभ अडखळायची. मग मी स्वतःची समजूत घातली की मी बोलत तर काहीच नाही, नुसती पुडी देतो.

बायकोला मात्र सांगितलं. चंद्रभागेच्या पोटात गोष्ट राहते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. मरेपर्यंत उघडू नका."

तिचं ऐकलं असतं तर आज हे सांगायची वेळ आली नसती.

ऐंशी साली डॉक्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यात त्यांचा मुलगा बसायला लागला, मुंबईहून मोठी डिग्री घेऊन आलेला. माणूस वाईट नव्हता. पण त्याला खल दिसला की राग यायचा. मिश्रणाच्या बाटल्या त्यानं पहिल्याच आठवड्यात काढून टाकल्या. शनिवारी मी बाईंच्या पुड्या बांधत होतो, तर येऊन उभा राहिला.

"ह्यात काय आहे?"

मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं, खरं म्हणजे. वाटलं, बापाची हुशारी ऐकून खूश होईल.

"बाबांनी केलं ते केलं," तो म्हणाला. "माझ्या दवाखान्यातून अशी पुडी जाणार नाही. पेशंटला काय देतो ते पेशंटला माहीत पाहिजे."

त्याचं बरोबर होतं की चूक, हे मी आजही ठरवू शकत नाही. पण त्यानं मला बाईंना सांग असं म्हटलं नव्हतं, हे मात्र खरं. चंद्रभागा म्हणाली, "घरी बांधा की. साखर काय महाग हाय?" मी बाजारातून मिल्क शुगरचा डबा आणला, घरचा खल घासून घेतला, आणि चार शनिवार पुड्या घरून पोचवल्या. बाईंना सांगितलं, नव्या डॉक्टरांकडे गर्दी असते, तुम्ही कशाला येता, मी आणून देतो. त्यांना पटलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

पाचव्या शनिवारी मी पुड्या घेऊन गेलो तेव्हा बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बसवलं, चहा दिला. आणि डॉक्टरांचं कौतुक सुरू झालं. किती मोठा माणूस, कसलं औषध शोधून काढलं, अंथरुणाला खिळले तरी माझ्यासारखीला जगवून गेले. पुन्हा पुन्हा डॉक्टर, डॉक्टर. मी चहा पीत ऐकत होतो आणि आत काहीतरी खदखदत होतं. पंधरा-पंधरा दिवसांनी कण-कण तोलून कोणी घटवलं होतं? कोण घाबरत होतं दर वेळी? वर मनात हेही होतं की बाईंना कळलं तर त्यांना केवढा आनंद होईल. बाई स्वतःच्या बळावर झोपतात! अडीच गोळ्यांवरून शून्यावर आल्या! हे चांगलं की वाईट? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

"बाई, एक सांगू का?" मी म्हणालो. "पुडीत औषध नाहीये."

त्यांचा हात सुपात थांबला.

मी सगळं सांगितलं. गोळी कशी कमी केली, साखर कशी वाढवली, कुनैन कशाला. "दीड वर्षं झालं बाई, तुम्ही नुसती साखर घेताय. आणि झोपताय. तुम्ही बऱ्या झालात, तुम्हाला कशाचीच गरज नाही."

बाईंनी सूप खाली ठेवलं. मग हसल्या. "लबाडा," म्हणाल्या. "मला फसवलंस होय?" पुड्या त्यांनी मला परत दिल्या, मग ह्या कशाला ठेवू म्हणून. मी घरी आलो तो हवेत. चंद्रभागेला सांगितलं, तर तिनं तव्यावरची भाकरी उलटायची सोडून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "काय केलंत हो तुम्ही."

त्या रात्री बाईंचा दिवा बंद झाला नाही.

सकाळी नळावर त्या सगळ्यांच्या आधी होत्या. "सवय व्हायची आहे," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी डोळ्यांखाली काळं आलं. आठव्या दिवशी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लहानू, पुड्या दे."

"पण बाई, त्यात..."

"माहीत आहे. तरी दे."

दिल्या. त्यांनी घेतल्या. काही उपयोग झाला नाही. साखर आहे हे ज्याला माहीत आहे त्याला साखरेनं काय होणार.

मी त्यांना नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि जुनीच गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानातून चंदेरी पाकिटातली, वर नाव छापलेली, अस्सल. बाईंनी ती घेतली. तासभर डोळा लागला आणि त्या दचकून उठल्या, त्या उजाडेपर्यंत जाग्याच. डॉक्टरांनी गोळी वाढवली. अंग जड झालं, तोल जायला लागला, झोप मात्र तासाभराच्या पुढे जाईना.

"हीसुद्धा तसलीच असेल," त्या मला म्हणाल्या.

"बाई, पाकिटावर नाव छापलंय. मी शपथेवर सांगतो, ही खरी आहे."

"तेव्हा पुडीसुद्धा खरीच होती की."

मग त्यांनीच मला सांगितलं, गोळी माझ्यासमोर कूट, पुडी बांध, पहिल्यासारखी. मी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या डोळ्यांदेखत पाकीट फाडलं, गोळी खलात टाकली, कुटली, पुडी बांधली. त्या एकटक माझ्या बोटांकडे पाहत होत्या. पुडी हातात घेतली आणि म्हणाल्या, "दवाखान्यातही तू माझ्यासमोरच बांधायचास." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. बाईंचं तोंड मी पोळलं होतं. आता त्यांच्यासाठी जगात खरं औषधच उरलं नव्हतं.

मला एक गोष्ट कळत नव्हती, आणि ती मी एकदा विचारलीच. दीड वर्षं तुम्ही आपोआप झोपत होता, तर आता का नाही? तेच शरीर, तेच घर, तीच खाट.

बाई म्हणाल्या, "पुडी घेतली की मला वाटायचं, आता माझ्या हातात काही नाही. औषध मला झोपवतंय. कोणी हाक मारली आणि मी उठले नाही, तर दोष औषधाचा. आता तू म्हणतोस की ती झोप माझीच होती. म्हणजे मी परत झोपले रे. ते गेले तशीच, माझी मी, गाढ. पाचशे रात्री झोपले. मला लाज वाटली नाही."

मी कंपाउंडर. मला वाटलं होतं, मी त्यांच्या पदरात काहीतरी घालतोय. प्रत्यक्षात त्यांच्याजवळ एकच आसरा होता, तो मी काढून घेतला होता आणि वर शाबासकीची वाट पाहत बसलो होतो.

पुढचं वर्ष मी बघत राहिलो. दुसरं करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. बाईंचं वजन उतरलं. शाळेत त्या वर्गावर उभ्या राहीनाशा झाल्या. हेडमास्तर भला माणूस, आधी रजा दिली, मग आणखी रजा दिली, मग एक दिवस घरी येऊन चाचरत म्हणाला, बाई, आता विश्रांती घ्या. विश्रांती हा शब्द ऐकून बाई हसल्या होत्या म्हणे. कॉलनीतल्या बायकांनी तेल चोळलं, जायफळ उगाळून दिलं, म्हशीचं दूध दिलं. त्यांच्यातल्या विठाबाईनं सुरगाण्याच्या बाजूची कसली मुळी आणून उशाखाली ठेवली. बाई सगळं निमूटपणे करून घेत. कोणाला नाही म्हणत नसत, आणि कशावर विश्वासही ठेवत नसत.

खरं काय झालं ते कॉलनीत कोणालाच माहीत नव्हतं. बाईंनी ते कधीही कोणाला सांगितलं नाही. उलट लोक मलाच म्हणायचे, लहानू, तुझ्याएवढं बाईंचं कोणी केलं नाही.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात एका दुपारी त्यांनी निरोप धाडून मला बोलावलं. मी गेलो. खोलीत गारवा होता, खिडकीला ओलं पोतं टांगलेलं. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध, आणि त्यांच्या शेजारी भिकनराव. बाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला समोर बसायला सांगितलं.

"लहानू, माझं एक काम कर."

"सांगा बाई."

"मला सांग की त्या दिवशी तू माझी चेष्टा केलीस. पुडीत औषधच होतं."

मला आधी अर्थ लागला नाही. मग लागला.

"नीट सांग," त्या म्हणाल्या. "घाई करू नको. म्हण की डॉक्टरांनी दिलेलं खरं औषध होतं, तेच मला झोपवत होतं, आणि लहानूनं उगाच मस्करी केली. तू म्हणालास की मी मानीन. मला मानायचंच आहे. माझ्याच्यानं आता नाही होत रे."

दीड वर्षाच्या लबाडीपेक्षा हे सोपं होतं. तीन वाक्यं. मी म्हणालो, "बाई, मी चेष्टा केली. पुडीत औषधच होतं."

त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. वर्गात पाढा म्हणायला उभा केलेल्या पोराकडे बघावं तसं, हा कुठे चुकेल ते आधीच ठाऊक असल्यासारखं, पण न चुको अशी फार इच्छा असलेलं ते बघणं.

"परत म्हण."

"औषधच होतं, बाई. डॉक्टरांनी..." माझा आवाज चिरकला. मी खाली पाहिलं. पुन्हा मान वर केली. "डॉक्टरांनी दिलेलं..."

मी चाळिशी उलटलेला माणूस त्यांच्यासमोर बसून रडायला लागलो.

"राहू दे," बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "मग दीड वर्षं कसं जमलं रे तुला?"

"तेव्हा बोलायचं नव्हतं, बाई," मी म्हणालो. "नुसती हातावर पुडी ठेवायची होती."

बाईंनी मान हलवली, पटल्यासारखी. मग उजवा हात पुढे केला, तळवा वर करून.

मी मोकळ्या हातानं आलो होतो. खिसे चाचपण्यातही अर्थ नव्हता. तो हात तसाच राहिला, माझ्यासमोर, बराच वेळ, आणि शेवटी त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला. मी उठलो, येतो म्हणालो, चपला घालून घरी आलो. तो हात आपण धरायला हवा होता, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.